वय वाढल्यावर ट्रकचालकाने हलके काम कसे शोधावे : कोल्हापूर परिसरातील चालकांसाठी मार्गदर्शन

पन्नाशी ओलांडलेला ट्रकचालक मालकाकडे जाऊन 'आता जरा हलकं काम द्या' असे म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या हाती लहान गाडीची चावी येते. चौदाचाकीवरून उतरून तो आयशरवर किंवा पिकअपवर बसतो आणि महिन्याभरातच त्याच्या लक्षात येते की कंबर पूर्वीपेक्षा जास्त धरू लागली आहे. मोठ्या गाडीत माल हमाल, क्रेन किंवा फोर्कलिफ्ट चढवते. लहान गाडीत मात्र 'दहाच तर बॉक्स आहेत' असे म्हणत तो चालकाच्याच हाताला लागतो, आणि असे दहा-दहा बॉक्स दिवसातून दहा ठिकाणी उतरवावे लागतात. म्हणून हलके काम शोधताना गाडीचा आकार पाहू नये. माल कोण चढवतो, कोण उतरवतो, ताडपत्री कोण बांधतो आणि झोप कोणत्या वेळी मिळते, या चार प्रश्नांच्या उत्तरांवरच काम हलके की जड हे ठरते. पुढील सर्व पायऱ्या याच चार प्रश्नांभोवती रचल्या आहेत.

पहिली पायरी : दुखणे नेमके कोणत्या कामाचे, हे लिहून काढा

'गाडी आता झेपत नाही' हे वाक्य डॉक्टरच्याही उपयोगाचे नाही आणि मालकाच्याही नाही. स्टिअरिंग धरणे झेपत नाही, की खाली उतरल्यानंतरची कामे झेपत नाहीत, हे आधी वेगळे करावे लागते. त्यासाठी एक आठवडा बिल्टीच्या (मालासोबतच्या पावतीच्या) मागच्या बाजूस किंवा साध्या वहीत रोजची नोंद ठेवावी : किती तास बसून होतो, केबिनमध्ये किती वेळा चढ-उतार केली, ताडपत्री किती वेळा ओढली, मालाला हात लावला का, चाक बदलावे लागले का, रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत किती चाललो, आणि त्या दिवशी नेमके कुठे दुखले. सलग आठवडाभराची नोंद समोर ठेवली की दुखण्याचा आणि कामाचा संबंध आपोआप दिसू लागतो.

बहुतेकांच्या वहीत गुन्हेगार म्हणून ताडपत्री आणि रस्सा पुढे येतात. बाराचाकीच्या हौद्यावर ताडपत्री घालणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. ताडपत्रीची घडी खांद्यावर घेऊन फाळक्याच्या (हौद्याच्या बाजूच्या फळीच्या) कडेने वर चढायचे, पोत्यांवर तोल सांभाळत ती उलगडायची, वाऱ्याने फुगली तर गुडघ्याने दाबून धरायची, मग खाली येऊन एक पाय चाकाला टेकवून आणि सगळे अंग मागे झोकून रस्सा ताणायचा; आणि तोच रस्सा हुकातून निसटला तर चालक पाठीवर पडतो. पावसाळ्यात भिजलेल्या ताडपत्रीचे वजन वेगळेच असते. तिशीत हे काम अंगावर घेता येते. पंचावन्नाव्या वर्षी तेच काम खांद्याचा सांधा आणि मणका यांच्या जिवावर चालते.

दुसरा मोठा वाटा चढ-उतारीचा असतो. पाच-सहा तास बसून राहिल्यावर केबिनमधून उडी मारून खाली उतरण्याची सवय बहुतेक चालकांना असते, आणि गुडघे व टाचा तिथेच झिजतात. तोंड केबिनकडे ठेवून, दोन हात आणि एक पाय किंवा दोन पाय आणि एक हात कायम टेकलेले ठेवून उतरावे. बराच वेळ बसून राहिल्यानंतर लगेच जड वजन उचलल्यास मणक्यांमधील चकत्यांना इजा होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून उतरल्यावर आठ-दहा मिनिटे गाडीभोवती फेऱ्या मारून, टायर पाहून मगच कशालाही हात लावावा. काम बदलण्याआधीसुद्धा एवढे आजपासून करता येते.

स्टेपनीचे तर बोलायलाच नको. मोठ्या ट्रकचे टायर आणि डिस्क मिळून वजन शंभर किलोच्या घरात जाते. सोबत क्लीनर नसलेल्या गाडीवर पन्नाशीनंतर एकट्याने चाक बदलणे हा अविचार आहे, मग मालक काहीही म्हणो.

दुसरी पायरी : मालकाच्या आधी डॉक्टरकडे जा

तपासणी करून घ्यायला चालक घाबरतात, कारण काही निघाले तर लायसन्स जाईल अशी भीती असते. प्रत्यक्षात वेळेवर कळलेल्या बहुतेक गोष्टी औषधाने, चष्म्याने किंवा लहान शस्त्रक्रियेने आटोक्यात येतात आणि चालक कामावर राहतो; न कळलेल्या गोष्टी मात्र एखाद्या रात्री कागल ते सातारा या पट्ट्यात कुठेतरी उघड होतात. सीपीआरमध्ये, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन रक्तदाब, रक्तातील साखर, डोळे आणि कान एवढे तरी तपासून घ्यावे.

डोळ्यांची तपासणी चाळिशीचा चष्मा घेण्यापुरती नसावी. समोरच्या गाडीच्या प्रकाशाने डोळे दिपून पुढचे काही क्षण रस्ता दिसत नसेल, तर मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. अशा चालकाने तपासणी होईपर्यंत रात्रीची फेरी घेऊ नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गाडी चालवताना साखर एकदम खाली जाण्याचा धोका डॉक्टरकडून समजून घ्यावा आणि जेवणाच्या वेळा निश्चित असलेलेच काम शोधावे. लांब पल्ल्याच्या कामात जेवण ढाब्यावर, आणि तेही गाडी खाली होण्याच्या वेळेवर अवलंबून असते, हे मधुमेह्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट. घरचे लोक 'घोरताना मधेच श्वास थांबतो' असे सांगत असतील आणि दिवसा पेंग येत असेल, तर तेही डॉक्टरला सांगावे. हा झोपेतील श्वसनाचा विकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत.

पाठीसाठी किंवा गुडघ्यासाठी डॉक्टरने काही बंधने सांगितली असतील, जसे की अमुक वजनापेक्षा जास्त उचलू नये किंवा शिडी चढू नये, तर ती लेटरहेडवर लिहून घ्यावीत. मालकाशी बोलताना तोंडी तक्रारीपेक्षा त्या कागदाला वजन येते.

तिसरी पायरी : लायसन्सची स्थिती पक्की करा

मोटार वाहन कायद्यात चालकाच्या वयाला वरची मर्यादा नाही. शरीर सक्षम आहे की नाही यावर नूतनीकरण अवलंबून असते. व्यावसायिक वाहनाचे लायसन्स २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांसाठी मिळते आणि प्रत्येक नूतनीकरणाला नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत अर्ज करता येतो, आणि त्यानंतर पुन्हा चाचणी द्यावी लागते. मात्र ही सवलत अर्ज करण्यापुरती आहे. मुदत संपलेल्या लायसन्सवर गाडी चालवण्याची मुभा त्यातून मिळत नाही, आणि त्या काळात अपघात झाल्यास विम्याचे प्रकरण चालकाच्या व मालकाच्या गळ्यात येते. अर्ज सारथी संकेतस्थळावर भरून पुढील कामासाठी ताराबाई पार्कमधील प्रादेशिक परिवहन कार्यालयात जावे लागते. हे काम बदलण्याच्या धावपळीत नको, आधीच उरकावे.

डॉक्टरने अवजड वाहन सोडण्याचाच सल्ला दिला असेल, तरीही दार बंद होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे की हलक्या मोटार वाहनाचे लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन चालवण्यासाठी वेगळी नोंद लागत नाही. शाळेच्या किंवा कामगारांच्या बसकडे वळायचे असेल तर प्रवासी वाहनाच्या बॅजची चौकशी त्याच फेरीत करून घ्यावी. पेट्रोल, गॅस अशा धोकादायक मालाच्या टँकरसाठी लायसन्सवर तशी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचे प्रशिक्षण आणि एका भारतीय भाषेसह इंग्रजी वाचता-लिहिता येण्याची अट आहे, आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी असते.

चौथी पायरी : कोल्हापूर परिसरातील कामे त्या चार प्रश्नांवर घासून पाहा

आपल्या जिल्ह्यात मालवाहतुकीचे प्रकार इतके आहेत की चालकाने थोडा शोध घेतला तर पर्याय सापडतात. अडचण अशी की वरवर हलकी दिसणारी कामे आणि खरोखर हलकी कामे यांत बरेच अंतर आहे.

सर्वांत आधी कंटेनर आणि बंद बॉडीच्या गाड्यांचा विचार करावा. ताडपत्री नाही, रस्सा नाही. दार लावायचे, सील तपासायचे आणि निघायचे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतून पुण्याकडे जाणारा सुटा भाग, यंत्रसामग्री व पॅकिंग केलेला माल अशा गाड्यांतून जातो, आणि बड्या कारखान्यांत तो फोर्कलिफ्टनेच चढतो-उतरतो. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. सकाळी जाऊन रात्री मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी परत, अशी फेरी असेल तर झोपही रात्रीच मिळते. मात्र सहापदरीकरणाचे काम रेंगाळल्यापासून सातारा-कागल पट्ट्यातील सेवा रस्त्यांवरचे धक्के आणि कोंडी यांनी हीच फेरी बरीच थकवणारी केली आहे, हे हिशोबात धरावे.

फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, मालाबाबत सावध राहावे. मोठ्या फौंड्रीतून निघणारे कास्टिंग (ओतीव भाग) लोखंडी बिनमध्ये भरून क्रेनने गाडीत येते आणि चालकाला त्याला हात लावण्याची गरज पडत नाही. परंतु फौंड्री ते मशीन शॉप अशा वसाहतीतल्या वसाहतीतील फेऱ्यांत सुटे नग पिकअपमध्ये हाताने टाकले जातात, आणि 'मामा, एवढं जरा धरा की' अशी हाक दिवसात अनेकदा येते. अंतर पाच किलोमीटर, वजन मात्र दिवसाकाठी टनावारी. घराजवळचे काम म्हणून अनेक वयस्क चालक हेच निवडतात, आणि माझ्या मते त्यांनी निवडलेल्या कामांत हेच सर्वांत फसवे.

इचलकरंजीच्या सूत व कापडाच्या वाहतुकीतही हाच भेद आहे. मोठ्या ट्रकवर गाठी हमाल चढवतात; लहान टेम्पोवर कापडाचे तागे आणि सुताची बाचकी चालकाच्या पाठीवर येतात. गांधीनगरच्या कापडपेठेतून दुकानोदुकानी माल पोहोचवणाऱ्या गाड्यांचेही तसेच. उलट शाहू मार्केट यार्डात गुळाचे रवे असोत की कांदा-बटाटा, चढाई-उतराईसाठी हमालांची ठरलेली व्यवस्था असल्याने तिथून निघणाऱ्या गाडीवर चालकाला निदान एका टोकाला तरी आराम मिळतो. दुसऱ्या टोकाला काय, ते विचारावे लागते.

टिपर आणि बल्कर (सुटी भुकटी वाहणारा बंद टँकर) यांचा विचार चालक फारसा करत नाहीत, पण करावा. टिपरमधला माल हायड्रॉलिकने स्वतः खाली होतो, सिमेंट किंवा राखेचा बल्कर कॉम्प्रेसरच्या हवेने रिकामा होतो. टिपरची दुसरी बाजू अशी की खाणीच्या आणि बांधकामाच्या कच्च्या रस्त्यावर बसणारे धक्के कमरेला मारक असतात; ज्याचे दुखणे खांद्याचे आहे त्याला टिपर चालेल, ज्याचे मणक्याचे आहे त्याला चालणार नाही. पहिल्या पायरीतील वही इथे कामी येते.

दुधाच्या वाहतुकीचे दोन भाग पाडावेत. गावोगावच्या संस्थांमधून कॅन गोळा करणाऱ्या गाडीवर पहाटे उठणे आणि चाळीस लिटरच्या भरलेल्या कॅनशी झटापट आहे. मदतनीस असला तरी घाईच्या वेळी चालकाला हात लावावाच लागतो. शीतकरण केंद्रातून निघणाऱ्या टँकरला पंपाने भरतात आणि पंपानेच रिकामे करतात, म्हणून अंगमेहनत अगदी कमी. पण मुंबई-पुण्याकडे जाणारे टँकर रात्रीच चालतात. ज्याची पाठ गेली आहे पण झोप आणि डोळे उत्तम आहेत, त्याला ते काम जमेल. मधुमेह किंवा मोतीबिंदू असलेल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

ऊस हंगामाचे पैसे मोहात पाडतात. कारखान्याच्या अड्ड्यावर नंबर लागेपर्यंत ताटकळणे, शेतातून रस्त्यापर्यंत भरलेली गाडी काढताना होणारी कसरत, थंडीच्या रात्री केबिनमधली झोप आणि क्षमतेपेक्षा जास्त भरलेली गाडी या सगळ्यांसह पाच महिने काढणे वयस्क माणसाचे काम नव्हे. कोकणातल्या फेऱ्यांचेही नीट मोजमाप करावे. रत्नागिरी, कणकवली ही ठिकाणे नकाशावर जवळ दिसतात, परंतु आंबा, फोंडा, करूळ किंवा भुईबावडा घाटांत क्लच आणि ब्रेकवर पाय कायम राहतो, आणि ज्याचा डावा गुडघा दुखतो त्याला एक घाट महामार्गावरच्या मोठ्या पल्ल्यापेक्षा महाग पडतो. बेळगाव, कराड, सांगली-मिरज या मोठे घाट नसलेल्या आणि एका दिवसात घरी परतणाऱ्या फेऱ्या त्या तुलनेत कितीतरी बऱ्या.

मालवाहतूक सोडायची तयारी असेल तर शाळेची बस हा चांगला पर्याय ठरतो. अवजड वाहनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव ही अट सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या निर्देशांपासून चालत आली आहे आणि जुन्या ट्रकचालकाकडे ती भरपूर पुरी असते. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार बसवर मदतनीस असावा लागतो, म्हणजे मुलांची चढ-उतार चालकाने एकट्याने सांभाळायची नसते. पोलीस पडताळणी होते, आणि वाहतुकीचे गुन्हे नोंदलेल्याला अडचण येते. शाळा जूनमध्ये उघडत असल्याने मार्च-एप्रिलमध्येच शाळांकडे आणि बस कंत्राटदारांकडे जाऊन यावे. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलेल्याला उरलेसुरले मार्ग मिळतात. मे महिन्याचा पगार मिळणार का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. औद्योगिक वसाहतीतील कामगारांच्या बसलाही माल नसतो, परंतु पहाटेची, दुपारची आणि रात्रीची अशा तिन्ही पाळ्यांच्या फेऱ्या एकाच चालकाच्या गळ्यात असतील तर झोपेचे तुकडे होतात. दोन पाळ्यांपुरतेच काम घ्यावे.

जे दहावी उत्तीर्ण आहेत आणि ज्यांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम झाला आहे, त्यांना ड्रायव्हिंग स्कूलमध्ये प्रशिक्षक होता येते. पाच वर्षांच्या चालकपणाची अटही त्यात आहे. ट्रान्सपोर्ट ऑफिसात गाड्या लावणे, जीपीएसवर लक्ष ठेवणे, कारखान्याच्या आवारात ट्रेलर एका जागेवरून दुसऱ्या जागी लावणे ही कामेही जुन्या चालकाला शोभतात. डॉक्टर किंवा व्यापाऱ्याच्या घरची गाडी चालवणे, आणि आठवड्यातून मोजके दिवस बदली ड्रायव्हर म्हणून जाणे, हेही आहेच. रुग्णवाहिका मात्र हलकी समजू नये, कारण स्ट्रेचर जिन्यावरून उतरवताना चालकाचेच खांदे लागतात.

पाचवी पायरी : नव्या मालकाच्या आधी जुन्या मालकाशी बोला

आपल्याकडे हे पाऊल बहुतेक चालक गाळतात. संकोच वाटतो, किंवा 'म्हातारा झाला' असे म्हणतील अशी धास्ती असते. पण वीस वर्षे गाडीला ओरखडा न आणणारा, डिझेलचा हिशोब चोख ठेवणारा चालक मालकाला सहजी मिळत नाही, हे मालकालाही ठाऊक असते. बोलताना 'झेपत नाही' असे म्हणू नये; नेमकी मागणी करावी. उदाहरणार्थ : 'शेठ, गाडी मी चालवतोच, पण ताडपत्री आणि रस्सा आता माझ्याकडून होणार नाही. डॉक्टरनी लिहून दिलंय. क्लीनर द्या, नाहीतर मला कंटेनरवर घ्या.' अशा वाक्याला होय किंवा नाही असे उत्तर देता येते. नुसत्या तक्रारीला मात्र 'बघू की' एवढेच उत्तर मिळते.

दुसरी मागणी हमालीची. मालवाहतूकदारांची 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही भूमिका कोल्हापुरात जुनी आहे; वाराईचा, म्हणजे हमालीचा, खर्च आणि चढाई-उतराईची जबाबदारी माल पाठवणाऱ्याने किंवा घेणाऱ्याने उचलावी, असे तिचे म्हणणे आहे. चालकाने तिचा आधार घेऊन एवढेच म्हणावे की पार्टीकडे हमाल नसेल तर तिथे पोहोचल्यावर मालकाला फोन जाईल आणि हमाल येईपर्यंत गाडी उभी राहील. हे आधी ठरलेले असले की जागेवर वाद होत नाही.

सहावी पायरी : नवे काम घेताना कोणते प्रश्न विचारावेत

नव्या ठिकाणी पहिल्या भेटीत हमखास ऐकू येणारे वाक्य असे : 'मामा, नुसती गाडी चालवायची, दुसरं काय काम न्हाई.' हे वाक्य ऐकले की खरे विचारणे सुरू करावे. माल पोत्यात येतो, बॉक्समध्ये येतो की पॅलेटवर? दिवसात किती ठिकाणी उतरवायचा आणि प्रत्येक ठिकाणी माणूस असतो का? गाडी उघडी की बंद? सोबत क्लीनर पगारी आहे की कधीमधी? पंक्चर झाल्यास कोणाला फोन करायचा आणि पैसे कोण देतो? निघण्याची वेळ काय, आणि गाडी खाली व्हायला उशीर झाला तर रात्री परत यावेच लागते का? यांतील एकाही प्रश्नाला 'ते आपण बघून घेऊ' असे उत्तर आले, तर ते काम चालकाच्याच अंगावर येणार असे धरून चालावे.

मालकाच्या उत्तरांवर न थांबता त्या गाडीवर आधी असलेल्या चालकाला गाठावे. सांगली फाट्यावर, तावडे हॉटेलजवळ किंवा मार्केट यार्डात चहाच्या टपरीवर तो कुठेतरी भेटतोच, आणि त्याने काम का सोडले हे त्याच्याच तोंडून ऐकल्याशिवाय होकार देऊ नये.

कामाच्या तासांबद्दलही स्पष्ट बोलावे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घातली होती, आणि पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाच्या विश्रांतीची तरतूद केली होती. इतक्या वर्षांत ती कागदावरच अधिक राहिली हा भाग वेगळा. तरी निदान पाच तासांनंतर अर्धा तास, ही गोष्ट चालकाने स्वतःपुरती पाळावी.

सातवी पायरी : हातात येणारा आकडा आणि घरी राहणारा आकडा

स्थानिक काम घेतले की पगार घटतो, आणि पुष्कळ चालक इथेच माघार घेतात. पण तुलना पूर्ण करावी. समजा, लांब पल्ल्यावर पगार आणि भत्ता मिळून महिन्याला २८,००० रुपये येतात आणि त्यांपैकी ७,००० रुपये रस्त्यावरच्या जेवणखाणात, चहात आणि किरकोळ वाटपात जातात. घरी राहतात २१,०००. स्थानिक कामाचे १७,००० मिळतात, डबा घरचा असतो, यार्डापर्यंतच्या मोटारसायकलला १,५०० रुपये लागतात. घरी राहतात १५,५००. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण रीत लक्षात यावी : वरवर ११,००० चा दिसणारा फरक प्रत्यक्षात ५,५०० चा निघतो. त्यातून दुखण्याच्या गोळ्या, इंजेक्शन आणि पाठ धरल्यामुळे बुडालेले दिवस वजा करावेत. हा हिशोब घरच्यांसमोर मांडावा, कारण मुलाची फी किंवा घराचा हप्ता कुठून भागवायचा हे ठरल्याशिवाय बदल टिकत नाही.

नवी नोकरी एखाद्या कारखान्याकडे किंवा मोठ्या ट्रान्सपोर्टकडे असेल तर भविष्य निर्वाह निधी (पीएफ) आणि ईएसआय (कामगार राज्य विमा) आहे का, हे पाहावे. २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआयचे उपचार मिळू शकतात, आणि पाठीच्या दुखण्यात हा लाभ काही हजारांच्या पगारवाढीपेक्षा मोठा ठरतो. पूर्वी कधी पीएफ कापला गेला असेल तर तो जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते क्रमांक, शोधून नव्या मालकाला द्यावा. ५८ व्या वर्षी निवृत्तिवेतन मिळण्यासाठी एकूण दहा वर्षांची सेवा लागते, आणि जुनी रक्कम काढून घेतली की ती वर्षे हातची जातात. शिवाय वर्षाला २० रुपयांचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा बँकेत सुरू आहे ना, तेवढे पाहावे; तो सत्तराव्या वर्षापर्यंत चालतो.

आठवी पायरी : होकार देण्याआधी केबिनमध्ये बसून पाहा

गाडी दाखवायला नेतील तेव्हा इंजिनाआधी सीट पाहावी. सीटचा फोम बसला आहे का, सीट पुढे-मागे सरकते का, क्लच पूर्ण दाबताना पाठ सीटला टेकलेली राहते का? क्लच दाबण्यासाठी नितंब पुढे सरकवावे लागत असतील तर ती सीट दोन महिन्यांत कंबर मोडेल. पॉवर स्टिअरिंग आहे की नाही, चढण्याची पायरी किती उंचीवर आहे आणि धरायचा दांडा घट्ट आहे का, हेही तपासावे. आता काही ट्रकमध्ये क्लचशिवाय गिअर बदलणारी यंत्रणा येते. डावा गुडघा गेलेल्या चालकाला अशी गाडी मिळाली तर पगारात थोडी घट सोसूनही ती घ्यावी. २०२५ चा नियम लागू झाल्यानंतर बनलेल्या साडेतीन टनांवरील ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे आहे. ते चालू ठेवू देतात की डिझेलच्या नावाखाली बंद ठेवायला लावतात, हे जुन्या चालकालाच विचारावे.

शक्य असल्यास एक फेरी बदली म्हणून करावी आणि भरताना, उतरवताना व परतीला पहिल्या पायरीसारखीच नोंद ठेवावी. काम ठरल्यावर पहिले तीन महिने ती वही चालू ठेवावी, कारण सुरुवातीला न सांगितलेली कामे हळूहळू चिकटतात : आधी एक बॉक्स, मग पावती गोळा करणे, मग क्लीनर सुट्टीवर. पावसाळ्यात पंचगंगेला पूर येऊन २०१९ आणि २०२१ प्रमाणे शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला, तर स्थानिक फेऱ्याही थांबतात. अशा दिवसांचा पगार मिळणार की खाडा धरणार, हे जूनच्या आधी मालकाकडून लिहून नाही तर निदान व्हॉट्सअॅपवर तरी घ्यावे.